काच फुटली तरी चालेल

मी सुरतचा. मूळ गाव जळगाव जिल्ह्यात, पारोळ्याजवळ. पण आजोबा कापडाच्या कामाला म्हणून सुरतला आले आणि आमचं घर लिंबायतमध्ये झालं. आमच्या गल्लीत अजूनही अहिराणी, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा चारही भाषा एकाच वाक्यात ऐकू येतात. मामांचं उधन्यात छोटं दुकान आहे, अॅल्युमिनियम सेक्शनच्या खिडक्या बनवायचं. बारावीनंतरच्या सुट्टीत मी तिथे टेप धरायला आणि हिशेब लिहायला जात होतो. त्यामुळे मंडळाच्या अंकासाठी लेख मागितला तेव्हा कवितेपेक्षा खिडकी हाताशी होती. बाकीच्यांनी कविता दिल्याच आहेत.

विषय तसा साधा आहे. समुद्राजवळच्या घराला वादळात टिकणारी खिडकी कशी बसवतात, आणि ती बसवणं खरंच गरजेचं आहे का?

सुरत शहर थेट समुद्राला लागून नाही. तापीच्या काठाने पश्चिमेला गेलं की डुमस, सुवाली आणि हजीरा लागतात, तिथे खंभातच्या आखाताचं तोंड. गेल्या काही वर्षांत शहर त्याच दिशेला सरकलंय. वेसू, पाल, डुमस रोड इकडे उंच इमारती झाल्यात, आणि प्रत्येक इमारतीची जाहिरात एकच: मोठ्या काचा, भरपूर उजेड, दूरवरचं दृश्य. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ दीव-उना पट्ट्यात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा तिथल्या वाऱ्याचा वेग ताशी १६० ते १७० किलोमीटर होता, झोत १८५ पर्यंत. सुरत त्या वाटेवर नव्हतं, बाजूला होतं. तरी झाडं पडली, पत्रे उडाले, आणि पुढचे काही आठवडे मामांच्या फोनला उसंत नव्हती. फोन करणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं एकच, "काच जाडी टाका." मामांचं उत्तरही एकच, "जाडीचं नंतर बघू, आधी चौकट दाखवा."

हे उत्तर मला तेव्हा धंद्यातलं वाटलं होतं. पण त्यामागे बरंच काही आहे, म्हणून हा लेख.

आधी वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. उत्तरायणला गच्चीवर पतंग उडवणाऱ्या कोणत्याही सुरती पोराला हे बोटांनी माहीत असतं, सूत्र माहीत नसलं तरी. सूत्र सोपं आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात देशाचे वाऱ्यानुसार विभाग पाडलेत, आणि सुरतसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरलाय, मुंबईसाठीही तेवढाच. म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. गणित केलं तर दर चौरस मीटरला जवळपास ११६० न्यूटन, वजनाच्या भाषेत सुमारे ११८ किलो. बेडरूमची दीड मीटर बाय सव्वा मीटरची खिडकी धरली तर तिच्यावर सव्वादोनशे किलोंचा भार येतो. तीन धडधाकट माणसं एकाच वेळी काचेला पाठ लावून ढकलतायत असं समजा. हा झाला जमिनीपासून १० मीटरवरचा हिशेब. ५० मीटर उंचीवर, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या मजल्यावर, मोकळ्या परिसरात हाच दाब तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतो. इमारतीच्या कोपऱ्यांजवळ तर वारा काच आत ढकलण्याऐवजी बाहेर खेचतो, आणि ही ओढ कधीकधी ढकलण्यापेक्षा जास्त असते. कोपऱ्यातल्या फ्लॅटला ‘दोन बाजूंनी हवा’ म्हणून जास्त पैसे लावतात, त्या हवेची ही दुसरी बाजू.

बरं, खिडकी फुटली तर काय होतं? काच जाते, पाऊस आत येतो, गादी भिजते. एवढ्यावर थांबलं असतं तर कोणी फार विचार केला नसता. पण वाऱ्याच्या बाजूची खिडकी गेली की वारा घरात शिरतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. घर आतून फुगतं. बाहेरून वारा छप्पर वर ओढतच असतो. आता आतूनही वर ढकलतो. दोन्ही जोर एकाच दिशेला लागले की छप्पर उचललं जातं, आणि छप्पर गेलं की भिंतींचा वरचा आधार जातो. १९७४ च्या नाताळच्या रात्री ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी वादळ आलं आणि शहरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. त्यानंतर तिथल्या अभियंत्यांनी जे अनेक धडे काढले त्यातला एक मोठा धडा हाच होता: उडत आलेल्या वस्तूने खिडकी फुटते, घराच्या आतला दाब वाढतो आणि छप्पर निघतं. आपल्या आयएस ८७५ मध्येही भिंतीला मोठं भगदाड असेल तर आतल्या दाबाचा आकडा बंद घराच्या साडेतीन पट धरायला सांगितलाय.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. वादळात काच फुटू नये हे चांगलंच, पण खरी अट अशी की काच फुटली तरी तिने जागा सोडता कामा नये. भोक पडता कामा नये. मामा त्यांच्या कारागिरांना हेच सांगतात: "फुटली तरी चालंल भो, पन निघाली नाही पायजे."

फुटूनही जागा न सोडणारी काच शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचा एक चंबू पडला. तो तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून चिकटला होता. पुढे १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. आज गाडीची पुढची काच अशीच असते: दोन काचांच्या मध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल, म्हणजे पीव्हीबीचा पारदर्शक पापुद्रा. बाजारात तिला लॅमिनेटेड म्हणतात. दगड लागला की कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण पापुद्र्याला धरून राहते.

इथे बहुतेक लोकांचा गोंधळ होतो. गिऱ्हाईक ‘टफन्ड’ मागतं आणि आपण वादळाची सोय केली असं समजतं. टफन्ड म्हणजे काच भट्टीत तापवून एकदम थंड हवेने गार केलेली. ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते, आणि फुटली तर तिचे बारीक बोथट दाणे होतात, सुऱ्या होत नाहीत. माणसाच्या दृष्टीने हे उत्तम. बाथरूमच्या पार्टिशनला, दुकानाच्या दाराला टफन्डच लावावी. पण वादळात ती फुटली की पूर्ण चौकट क्षणात रिकामी होते. सगळे दाणे जमिनीवर आणि वारा घरात. वादळासाठी हवी ती लॅमिनेटेड, किंवा दोन टफन्ड काचा मध्ये पापुद्रा घालून जोडलेली. शिवाय टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप चुकलं तर काच गेलीच. म्हणून टफन्डची ऑर्डर देण्याआधी मामा स्वतः जाऊन पुन्हा माप घेतात, कोणावर भरवसा ठेवत नाहीत.

मग ही काच टिकेल हे ठरवतं कोण? २४ ऑगस्ट १९९२ ला अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडावर अँड्र्यू वादळ आलं आणि २५ हजारांहून जास्त घरं उद्ध्वस्त झाली. त्यानंतर तिथे नियम बदलले. खिडकीची चाचणी अशी: सुमारे चार किलोंचा लाकडी वासा हवेच्या तोफेतून ताशी ५५ किलोमीटर वेगाने खिडकीवर मारायचा, एकदा मध्यभागी, एकदा कोपऱ्याजवळ. काच तडकली तर हरकत नाही. पण त्यानंतर त्याच तडकलेल्या खिडकीवर दाब आणि ओढ मिळून ९००० वेळा द्यायची, कारण वादळ एक धक्का देऊन निघून जात नाही, तासन् तास हिसके देतं. एवढं होऊनही मोठी फट पडली नाही तर खिडकी पास. मला या चाचणीतली सगळ्यात शहाणी गोष्ट ही वाटते की परीक्षा एकट्या काचेची होत नाही. चौकट, कडी, बिजागरी, रबर, स्क्रू सगळं एकत्र तपासलं जातं. आपल्याकडे घराच्या खिडकीला अशी चाचणी सक्तीची नाही, त्यामुळे ‘स्टॉर्म प्रूफ’ असं कोणीही म्हणू शकतं, आणि म्हणतातही.

आता बसवण्याचं काम. मामांच्या मते खिडकी काचेत नसते, भिंतीत असते.

आधी भोकाचं माप. रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. सगळ्यात लहान आकडा घ्यायचा. गवंडीकाम कधीच काटकोनात नसतं. मग भिंत कशाची आहे ते बघायचं. जुन्या सुरतेत भाजलेल्या विटा, नव्या टॉवरमध्ये एएसी ब्लॉक, म्हणजे ते हलके, करड्या रंगाचे, पाण्यावर तरंगणारे ठोकळे. नेहमीचा प्लॅस्टिकचा गिट्टा विटेत बरा धरतो, पण या ब्लॉकमध्ये सैल पडतो. त्यासाठी वेगळे अँकर लागतात, किंवा खिडकीभोवती काँक्रीटची पट्टी आधीच ओतून घ्यावी लागते. आणि स्क्रू प्लास्टरमध्ये अडकून चालत नाही. प्लास्टर दोन-अडीच सेंटिमीटर जाड असलं तर तेवढी लांबी वाया गेली असं समजून स्क्रू त्याच्याही पुढे भिंतीत खोल जायला हवा. साध्या खिडकीला बाजूला दोन-दोन स्क्रू मारून काम भागवतात. वादळाच्या खिडकीला चारही बाजूंनी, कोपऱ्यापासून वीतभर आत सुरुवात करून, साधारण हात-हात अंतरावर अँकर पडतात. खालच्या पट्टीतही. खालच्या पट्टीतलं भोक म्हणजे पाणी शिरायची जागा, म्हणून ते सीलंटने भरून मगच अँकर आवळायचा.

सव्वादोनशे किलोंचा भार काचेवर आला तरी काच तो स्वतःजवळ ठेवत नाही. ती चौकटीला देते, चौकट अँकरला, अँकर भिंतीला. यातली एक कडी कमजोर असली की अख्खी खिडकी काचेसकट आत येते, आणि मग काच कितीही भारी असली तरी उपयोग शून्य. वजनाचाही हिशेब बदलतो. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. आपल्या त्या खिडकीत ५ मिलिमीटरची साधी काच तेवीस किलोंच्या आसपास भरते. सहा अधिक सहाची लॅमिनेटेड पंचावन्न किलोंपर्यंत जाते. जुन्या स्लायडिंगच्या चाकांना ते वजन झेपत नाही. आणि स्लायडिंगचं पान रुळात नुसतं उभं असतं; पट्टी वाकली की वारा ते उचलून काढतो. म्हणून समुद्राच्या बाजूला बिजागरीची, बाहेर उघडणारी आणि चारही बाजूंनी कडीने आवळणारी खिडकी बरी. बाहेरून वारा दाबतो तेव्हा तिचं पान चौकटीवर आणखी घट्ट बसतं.

काच चौकटीत किती खोल बसते हेही बघायचं. दोन-तीन सेंटिमीटर आत शिरलेली आणि सिलिकॉनने चौकटीला चिकटवलेली काच तडकल्यावरही पापुद्र्यासकट तिथेच लटकून राहते. नुसत्या रबरावर उभी केलेली काच तडकल्यावर मऊ पडते, चादरीसारखी दुमडते आणि निसटते. शेवटी ओळंबा लावायचा, पाणसळ बघायची, चौकट आणि भिंतीमधली फट सीलंटने भरायची, खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं उघडी आहेत ना हे तपासायचं. ही भोकं रंगारी न चुकता बुजवतात. हजीऱ्याच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू अॅल्युमिनियममध्ये दोन-चार पावसाळ्यांत गंजतात, बाहेरून दिसतही नाही. तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्यावं.

खर्च? साध्या खिडकीच्या कितीतरी पट. म्हणून पुढचा प्रश्न येतोच, की सगळ्या खिडक्या बदलायच्या का. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. तौक्तेसारखं वादळ सुरतच्या पश्चिमेकडून, समुद्रातून उत्तरेला जात असलं तर सुरतला वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैऋत्येकडून लागतो. त्यामुळे पैसे मोजके असतील तर आधी दक्षिण आणि नैऋत्येच्या खिडक्या. पण निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनारा ओलांडून आत गेलं होतं. अशा वादळात सुरत त्याच्या उत्तरेला पडतं आणि वारा पूर्वेकडून येतो. म्हणून उरलेल्या खिडक्यांना निदान बाहेरून लावायची झडप असावी. जाड प्लाय, आधीच कापून, नंबर टाकून माळ्यावर ठेवलेला, आणि भिंतीत कायमचे बसवलेले बोल्ट. दिसायला गरीब आहे, पण काम करतो. कमी उंचीच्या घरांसाठीच्या आपल्या मानकात, आयएस १५४९८ मध्ये, मोठ्या तावदानांऐवजी लहान तावदानं आणि बाहेरून धातूची जाळी असे साधे उपायही सांगितलेत. आपल्या कॉलेजच्या जुन्या सागवानी खिडक्या बघा: लहान तावदानं, बाहेर झडपा, आतून अडसर. त्या सुताराने कोणतंही मानक वाचलं नव्हतं.

काचेवर फुलीच्या आकारात चिकटपट्टी लावतात त्याबद्दलही सांगतो, कारण तौक्तेच्या वेळी आमच्या ग्रुपवर तेच फोटो फिरत होते. पट्टीने काच मजबूत होत नाही. फार तर तुकडे एकत्र राहतात, आणि मग लहान तुकड्यांऐवजी मोठा टोकदार तुकडा उडतो. तसंच ‘वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवा, दाब समान होतो’ हा सल्ला. ठेवू नका. वारा दिशा बदलतो आणि उघडी खिडकी समोर येते.

आता जे लिहायचं होतं ते. अमेरिकेने चाचणीला लाकडी वासा निवडला कारण तिथली घरं, छपरं लाकडाची. वादळात वासेच उडतात. सुरतमध्ये काय उडेल? आमच्या गच्चीवरून चौफेर बघितलं की उत्तर दिसतं. पत्रे. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा, मैलोगणती पत्रे, आणि त्यावर टाकलेल्या विटा, टायर, जुने दरवाजे. पाण्याच्या टाक्यांची झाकणं, होर्डिंगच्या चौकटी. वेसूच्या बाराव्या मजल्यावरची लॅमिनेटेड काच शेवटी अशाच कुठल्या तरी पत्र्याविरुद्ध उभी असते, आणि तो पत्रा ज्याच्या डोक्यावरून उडाला त्याच्या घराला खिडकी म्हणून एक जाळी आणि पोत्याचा पडदा असतो. मामांनी बनवलेल्या चांगल्या खिडक्या सगळ्या नदीपलीकडे किंवा डुमस रोडला. त्यांच्या चारही कारागिरांची घरं पत्र्याची.

तौक्तेनंतरच्या पावसाळ्याआधी मामांनी दुकानातल्या नफ्यातून एक काम केलं. कारागिरांच्या आणि आमच्या घराच्या पत्र्यावरच्या विटा उतरवल्या. वजन ठेवून पत्रा थांबत नाही, वीट मात्र खाली पडते. त्याऐवजी पत्र्याच्या नळीच्या उंचवट्यावर भोक पाडून जे-हुक, रुंद वायसर आणि रबर लावून पत्रा खालच्या पाइपला आवळला. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना हुक दुप्पट, कारण ओढ तिथेच जास्त. पाइप भिंतीला पट्टीने बांधले. दाराला आतून वर-खाली दोन जाड कड्या. पत्र्याच्या घराला दार हीच मोठी खिडकी: दार आत पडलं की छप्पर गेलं. एका घराला एक दिवस आणि दोन माणसं लागली. आईने विचारलं, आपल्याला ती भारी काच नको का? मामा म्हणाले, "आक्का, आधी डोक्यावरचं बांधू. काचेचं मंग पाहू."

ज्यांना काच घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी एक शेवटचं काम. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, तो बघून घ्यावा. लॅमिनेटेड असेल तर काच आडवी धरून कड बघावी. दोन काचांच्या मध्ये पापुद्र्याची बारीक रेघ स्पष्ट दिसते. पण एकदा चौकटीत बसली की कड झाकली जाते, आणि मग बिलावर जे लिहिलंय त्यावरच विश्वास ठेवावा लागतो. म्हणून काचा टेम्पोतून उतरतात त्या दिवशी साइटवर हजर राहावं.